आत्याबाईला पाणी लागू नये

सासरे : कुणाला तरी दोषी ठरवल्यावाचून माणसाला शोकही करता येत नाही, सूनबाई, आणि दोषी एकदा ठरला की शोक मागे पडतो, उरतो तो केवळ द्वेष. या घरात आता आपण तिघंच उरलो आहोत. तिघांपैकी कुणाचाही द्वेष करण्याचं बळ माझ्यात नाही. म्हणून मी हिला दोषी ठरवलं आहे. ही मातीची आहे. हिला मन नाही, हिला काही वाटणार नाही. बाजूला व्हा.

सून : आधी तो हातोडा द्या इकडे.

सासरे : एकच घाव घालायचा आहे.

सून : एक घातलाय की तुम्ही! काठाचा टवका उडालाय, आणि तुमच्या बोटातून रक्त येतंय. मामंजी, द्या म्हणते ना.

सासरे : रक्त नाही ते. जुना गंज आहे, हातोड्याच्या दांड्याचा.

सून : गंज असा ठिबकत नाही. धरा, हा रुमाल गुंडाळा. आणि बसा त्या विटांवर. तुमचं वय काय, हे घण घालणं काय!

सासरे : तुम्ही आज लवकर आलात कामावरून.

सून : मुद्दाम आले. वखारीतून लाकडं आणायची होती. त्या पोत्यात आहेत, बाभळीची, चांगली सुकलेली.

सासरे : कशासाठी?

सून : हिच्यासाठी. मी ही शेगडी पेटवणार आहे आज. इथेच, उघड्या अंगणात.

सासरे : पेटवणार? हिला?

सून : असं बघू नका माझ्याकडे. वेड लागलेलं नाही मला.

सासरे : जिच्याशेजारी माझा मुलगा बसल्या जागी संपला, तिच्या पोटात तुम्ही पुन्हा विस्तव घालणार? त्याच्या पश्चात मी हिला मागच्या शेडमध्ये ढकलून ठेवली, वर ताडपत्री टाकली. आज ती ओढून बाहेर काढायला माझी अर्धी सकाळ गेली. ती काय तुम्ही तिची आरती ओवाळावी म्हणून?

सून : आरती नाही ओवाळायची. खारूला दाखवायचंय.

सासरे : लहान मुलीला?

सून : लहान मुलीलाच. तुम्ही दिवसभर तुमच्या खोलीत असता, तुम्हाला किती ठाऊक आहे मला माहीत नाही. आपण दूध-पाव का खातोय सगळे, सांगा बरं?

सासरे : तुम्हाला स्वयंपाकाला वेळ होत नाही, असं मी समजलो. विचारणं प्रशस्त वाटलं नाही.

सून : मी गॅस पेटवला की ती येऊन बटण बंद करते. भांडत नाही, रडत नाही. येते, बंद करते, आणि उंबऱ्यात बसून राहते. मी पुन्हा पेटवला, तर पुन्हा बंद. एकदा मी हात धरला तिचा, तर मला चावली. माझी पोर, मला चावली!

सासरे : शिव शिव.

सून : घराच्या एकाही खिडकीला ती हात लावू देत नाही. या थंडीत दारं सताड उघडी. झोपेतून उठते आणि माझ्या नाकाशी तळहात धरून उभी राहते. तुमच्याही खोलीत येते.

सासरे : येते. मी जागाच असतो. डोळे मिटून पडून राहतो, तिला वाटावं मी निजलो आहे म्हणून. तिचा हात बर्फासारखा असतो.

सून : मग? डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय तिची. एकदा औषधानं उतरलं. पुन्हा भरली, तर इथे नाही भागायचं, म्हणाले. मी सांगितलं, दार लावू देत नाही हो ती. तर म्हणतात, समजूत काढा. कशी काढू समजूत? शब्दांनी काढून झाली.

सासरे : म्हणून तिला विस्तव दाखवायचा?

सून : पहिल्या काडीपासून शेवटच्या राखेपर्यंत. म्हणजे तिला कळेल तरी, काय कशानं होतं आणि काय कशानं होत नाही. आता तिच्या लेखी सगळीच आग मारते. तुम्ही ही फोडलीत ना, तर ती जन्मभर तसंच मानणार. आजोबांनीसुद्धा घाबरून फोडली, म्हणणार.

सासरे : तुमचं म्हणणं बुद्धीला पटतं. हाताला पटत नाही.

सून : हाताला रुमाल बांधलाय, तो राहू द्या. मला सांगा, तडा गेलाय का हिला? पेटवता येईल का?

सासरे : मला विचारता?

सून : तुमच्याशिवाय कुणाला विचारू? हिची सगळी बडदास्त तुम्हीच ठेवलीत. दरवर्षी अंगाला तेल काय, पोटात वाळू काय, डोक्यावर टोपी काय. सासूबाई आज असत्या तर त्यांनी सवत म्हणून नांदवली असती हिला.

सासरे : ती होती तेव्हा म्हणालीच होती एकदा. ‘माझ्या गुडघ्यांना इतक्या वेळा तेल विचारलं असतंत तर मी पळाले असते,’ म्हणून.

सून : बघा! आता वाजवून बघा ती.

सासरे : ... ढेरी वाजते आहे. आवाज खणखणीत आहे. मानेशीही ठीक. टवका गेला तो केवळ तोंडाच्या काठाचा, त्याने काही बिघडत नाही. परंतु हिने ओल धरली असणार. शेडमध्ये जमीन दमट आहे. ओली माती एकाएकी तापवली तर आतल्या ओलाव्याची वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही की भिंत फाटते. आरंभी मूठभर काटक्याच जाळाव्या लागतील. त्या विझू द्यायच्या. मग थोड्या अधिक. नवी आणली तेव्हाही आपण असंच केलं होतं.

सून : आठवतंय. हे म्हणाले होते, ‘बाबांनी हिचं बारसं मांडलंय.’

सासरे : विकणाऱ्याने नाव सांगितलं होतं चिमिनिया. ते आपल्या कुणाच्या जिभेवर टिकेना. हे एवढं पोट, वर ही धुराड्याची लांब मान, आणि पुढे सदा उघडं तोंड. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला मुलगी नाही ना, मला बहीण नाही. ही आजपासून खारूची आत्याबाई.’

सून : आणि आपण सगळे तसंच म्हणायला लागलो. आत्याबाई थकल्या, आत्याबाई तापल्या, आत्याबाईंना झाकून ठेवा. तिथेच चुकलं आपलं, मामंजी. शेगडी म्हणत राहिलो असतो, तर शेगडी भिजते म्हणून कोण धावलं असतं? आत्याबाईला कोण पावसात ठेवणार!

सासरे : मी कातळावर कोरल्यासारखा नियम घालून दिला होता. तापलेल्या आत्याबाईला पाणी लागू नये. थेंबही नाही. विझवायची तर आपली आपण विझू द्यावी.

सून : त्यांनी पाळला.

सासरे : तो माझा शब्द मोडत नसे.

सून : नसेच मोडत. अवेळी सर आली, तर पेटलेली शेगडी ढकलत ढकलत काचेच्या व्हरांड्यात आणली. चाकंही स्वतःच बसवली होती ना तिला! पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावल्या, दार लावलं. मी खारूला निजवत होते. मला म्हणाले, ‘जाळ तर नाहीच आता, नुसते निखारे आहेत, थंड होईपर्यंत बसतो मी शेजारी, तू झोप.’ नियमाला धरून बसले. सकाळी मी दार उघडलं, तर बसलेलेच होते. आणि तुमची आत्याबाई? कोरडी ठणठणीत.

सासरे : बोला. थांबू नका.

सून : बोलतेच आता. तुम्ही तिला कसं वाचवायचं ते शिकवलंत आम्हाला, मामंजी. माणसानं कसं वाचायचं ते कुणीच नाही शिकवलं.

सासरे : तिच्यासोबत जो कागद आला होता, त्यावर लिहिलं होतं, घरात पेटवू नये. मी तो सर्वांना वाचून दाखवला होता. मला वाटलं, भिंती काळ्या होतात म्हणून लिहिलं असेल. नियम मी सांगितला. त्याचं कारण मलाच ठाऊक नव्हतं. आयुष्यभर वर्गात उभा राहून मी मुलांना हेच शिकवत आलो की पाठ करा, अर्थ मागाहून उमगेल.

सून : जाऊ द्या. मी तुम्हाला टोचायला नाही आले. माझं मलाच... मी एकदा उठून बघितलं असतं तर. जाऊ द्या. फाटकाचा आवाज आला. ती आली शाळेतून. मामंजी, एकच विनंती. तिला खोटं काही सांगू नका. ‘बाबा दूरच्या गावाला’ वगैरे नको.

सासरे : तिने विचारलं तर जे आहे ते सांगेन.

खारू : आत्याबाई बाहेर का आहे?

सून : ये. दप्तर ठेव आधी.

खारू : बाहेर का आहे? आणि लाकडं कशाला आहेत? आई, लाकडं कशाला?

सून : आपण पेटवणार आहोत तिला. थोडीशीच.

खारू : नको.

सून : ऐकून तर घे.

खारू : नको! मी शेजारच्या मावशींकडे जाते. नाही, तुम्ही दोघं पण चला. तुम्ही इथे थांबायचं नाही.

सासरे : खारूताई, इकडे या. माझ्यापाशी नको, तिथेच, त्या कुंपणाच्या भिंतीवर चढून बसा. तिथून सगळं दिसतं, आणि वारा तुमच्या पाठीकडून येतो आहे. धूर तिकडे येणार नाही.

खारू : तुमचा स्वेटर उलटा आहे आजोबा.

सासरे : असेल.

खारू : शिवण बाहेर आलीय. शाळेत असं आलं की सगळे हसतात.

सासरे : हसू देत. बसलात? आता विचारा. जे काय विचारायचं ते.

खारू : ... बाबाला धुरानं मारलं ना?

सासरे : धुराने नाही. धूर असता तर त्याला खोकला आला असता, डोळे चुरचुरले असते, तो उठून बाहेर आला असता. निखारे जळताना त्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. तो दिसत नाही.

खारू : भुतासारखा?

सासरे : भूत नसतं. हा असतो. उघड्यावर वारा त्याला घेऊन जातो, आणि तो कुणाचंही काही करू शकत नाही. बंद जागेत तो साचतो. माणसाला सुस्ती येते, झोप लागते.

खारू : आणि मग उठत नाही.

सासरे : नाही उठत.

खारू : म्हणजे बाबाला कळलंच नाही?

सासरे : नसावं कळलं.

खारू : दुखलं पण नाही?

सासरे : बहुधा नाही.

खारू : बहुधा म्हणजे काय?

सासरे : बहुधा म्हणजे मला नक्की ठाऊक नाही. जे मला ठाऊक नाही, ते ठाऊक असल्यासारखं मी तुला यापुढे सांगणार नाही.

खारू : स्वयंपाकघरात पण तो असतो, तो वायू?

सून : गॅसचा जाळ निळा असतो बघ, आणि आपली खिडकी उघडी असते, स्वयंपाक झाला की मी बंद करते. रात्रभर कुणी शेजारी झोपत नाही त्याच्या. साचेल कसा?

खारू : तू खिडकी लावतेस कधीकधी. माश्या येतात म्हणून.

सून : आता नाही लावणार.

खारू : शपथ?

सून : शपथ.

खारू : मग पेटवा. पण लहान. आणि आई, तू एवढ्या जवळ नको बसूस. इकडे ये माझ्याकडे.

सून : पेटवायला तरी जवळ जाऊ देशील? ही काटकी, हा कागद. मामंजी, वाळू आहे ना तळाशी?

सासरे : आहे. वरचा थर काढून थोडी कोरडी घाला. काटक्या मागच्या भिंतीला टेकवू नका, मधोमध उभ्या रचा. हं. रॉकेल नको, काही नको. कागद पुरेल.

खारू : पेटली.

सासरे : आता बघा, हवा तोंडातून आत जाते आणि धूर मानेतून वर जातो. आहे की नाही?

खारू : वाकडा जातोय.

सासरे : वारा त्याला नेतो आहे. त्याच्याबरोबर तो दुसराही जातो, न दिसणारा.

खारू : कुठे नेतो?

सासरे : मोकळ्यावर. इतकी हवा आहे वर, की त्यात तो हरवून जातो.

सून : काटक्या संपल्या. घालू का अजून?

सासरे : विझू दे आधी ही पहिली. ... आता हात लावून बघा बाहेरून. कोमट? सगळीकडून सारखी? मग आता दोन लाकडं, मनगटाएवढी. त्याहून जाड नको.

खारू : आजोबा.

सासरे : बोला.

खारू : मी सांगितलं होतं ना बाबाला.

सून : खारू, राणी, ते आपलं बोलून झालंय. तू लहान आहेस. तुझं काही—

खारू : तू थांब. मी आजोबांना सांगतेय. मी खिडकीतून ओरडले, बाबा, आत्याबाई भिजेल! आत आण तिला! बाबा म्हणाला, ‘राहू दे गं.’ मी म्हटलं, आजोबा रागावतील. मग त्यानं आणली.

सासरे : हो. तू सांगितलंस.

सून : मामंजी!

सासरे : थांबा, सूनबाई. हिने विचारलेलं नाही, सांगितलं आहे. आणि ते खरं आहे. खारू, तू सांगितलंस. पण तू काय सांगितलंस? जे मी तुला शिकवलं होतं तेच. तुझ्या तोंडून माझा शब्द बोलला. शब्द माझा होता.

खारू : म्हणजे तुमची चूक?

सासरे : माझी.

खारू : मग तुम्हाला शिक्षा?

सासरे : चालू आहे.

खारू : कधी संपणार?

सासरे : ते माझ्याकडे नाही. पण ती माझी आहे, तिच्यातला वाटा मी तुला देणार नाही. तू मागितलास तरी देणार नाही.

खारू : ... तुम्ही रागावला असतात का? ती भिजली असती तर?

सासरे : रागावलो असतो. दोन दिवस बोललो नसतो. मग नवी आणली असती.

(जाळ बसतो, नुसते निखारे उरतात.)

खारू : आता झालं ना त्या रात्रीसारखं? जाळ नाही, लाल आहे नुसतं.

सून : हो. असंच होतं.

खारू : धूर पण नाही. बाबाला वाटलं, विझली.

सून : विझत आली, असं वाटलं त्याला.

खारू : आत्ता पाणी लागलं तर?

सासरे : तडकेल.

खारू : नक्की, का बहुधा?

सासरे : हे नक्की. तापलेल्या मातीवर थंड पाणी पडलं की एक बाजू आकसते, दुसरी आकसत नाही.

खारू : मला बघायचंय.

सून : काय बघायचंय?

खारू : मला पाणी ओतायचंय तिच्यावर. बागेच्या नळीनं.

सून : नाही हं. ते नाही. आपलं ठरलं होतं, पेटवायची आणि विझेपर्यंत बसायचं. बघितलंस ना? मग उद्या पुन्हा पेटवू. तुला सवय होईल.

खारू : मला सवय नको आहे. मला बघायचंय काय झालं असतं ते.

सून : खारू, तिची ती चाकं बाबानं बसवलीत. तो जुना कठडा कापून त्याची तिवई केली, हात पोळून घेतला होता तेव्हा. माझ्याकडे त्याचं हाताचं काम आहे कुठे दुसरं? मामंजी, तुम्ही सांगा तिला. मघाशी तुमच्या हातातून सोडवली मी ती, काय यासाठी?

सासरे : नळ कुठल्या बाजूचा चालू आहे?

सून : मामंजी...

सासरे : तिवई लोखंडाची आहे. ती राहील, चाकंही राहतील. आणि सूनबाई, मघाशी मी फोडत होतो ते संतापाने. ही एक प्रश्न विचारते आहे. तो प्रश्न त्या रात्री आपल्यापैकी कुणालाही सुचला नाही. भिजली तर काय होईल? एवढंच विचारायचं होतं. उत्तर ऐकून आपण हसलो असतो आणि निजायला गेलो असतो. तिला ते उत्तर बघू द्या.

सून : तुम्हाला चालेल? इतकी वर्षं जपलीत...

सासरे : ज्याच्यापेक्षा जास्त जपली, तो गेला.

सून : ... नळ मी सोडते. खारू, उतर. नळी घट्ट धर, झटका बसतो.

सासरे : लांब. अजून लांब, त्या भिंतीपाशी. तोंडाच्या समोर उभं राहायचं नाही. वाफ तिथूनच बाहेर फेकली जाईल, तुकडाही उडेल. असं बाजूला. आता अंगठ्याने धार दाबा, म्हणजे दूर जाईल. सूनबाई, तुम्ही तिच्या मागे उभ्या राहा. खांदे धरा.

खारू : सोडू?

सून : सोड.

खारू : पोचत नाहीये... पोचलं! आई, वाफ! केवढी वाफ!

सून : डोळे सांभाळ.

सासरे : ऐकलंत? तो पहिला तडा.

खारू : मान! आजोबा, मान वाकली! पडली!

सून : पडली गं.

खारू : पोट पण फुटलं. दोन तुकडे. तीन. आजोबा, आतला निखारा काळा झाला.

सासरे : असू दे. धार चालू ठेव.

खारू : ... एवढंच?

सासरे : एवढंच.

खारू : एवढाच आवाज? मला वाटलं खूप मोठं काहीतरी होतं, आत्याबाई भिजणं म्हणजे.

सासरे : मलाही तसंच वाटत आलं होतं.

खारू : मग बाबा घरात आला असता?

सून : आला असता.

खारू : ओला?

सून : ओलाचिंब. चिखलाचे पाय घेऊन, थेट पलंगापर्यंत.

खारू : तू ओरडली असतीस.

सून : खूप ओरडले असते.

खारू : सकाळी त्याला शिंका आल्या असत्या. तो केवढ्यानं शिंकतो, सगळी गल्ली उठते.

सून : हो गं.

खारू : शिंकायचा. ... आई, रडू नकोस ना.

सून : रडू दे मला जरा. तू नळ बंद कर, जा. भिजलीस सगळी.

खारू : थंडी वाजतेय.

सून : वाजणारच. चल, आत चल, कपडे बदल. छातीला जपायचंय तुझ्या.

खारू : दार नाही लावायचं.

सून : नाही लावत. अर्धं लोटू?

खारू : ... अर्धं. आणि स्वयंपाकघराची खिडकी मी उघडणार. मग तू गॅस लाव. मी तिथेच उभी राहणार, बघत.

सून : बघत राहा. काय करू गरम?

खारू : दूध. नुसतं दूध. उतू गेलं तर मी बंद करणार.

सून : उतू गेलं तर तूच बंद कर. मामंजी, चला तुम्हीही.

सासरे : तुम्ही व्हा पुढे. मी जरा वेळ बसतो इथे. एखादा निखारा कुठे तुकड्याखाली राहिला असेल. थंड होईपर्यंत बघतो आणि मग—

खारू : नाही!

सासरे : काय झालं?

खारू : तुम्ही थंड होईपर्यंत बसायचं नाही.

सासरे : अगं, उघडं अंगण आहे हे. आत्ताच तुला सांगितलं ना मी, वारा नेतो म्हणून?

खारू : मला माहीत आहे ते. तरी बसायचं नाही.

सून : मामंजी, ऐका तिचं.

सासरे : ... बरं. नाही बसत. आण ती नळी इकडे, एवढ्या सगळ्यावर एकदा पाणी फिरवतो आणि लगेच येतो. तू पाहा दारातून, हवं तर हाका मारत राहा. जा, आईचा हात धर. जा, माझ्या मुलींनो. तुमच्या घरातला विस्तव तुमच्या सांगण्यात राहो, तुमचे श्वास मोकळे राहोत. आणि तो जिथे असेल तिथे त्याच्या भोवतीच्या सगळ्या खिडक्या उघड्या असोत.